उतारा

प्रत्येक सुशिक्षित कुटुंबात औषधांची दोन ठाणी असतात. पहिले जेवणाच्या टेबलावर, लोणच्याच्या बरणीशेजारी, सर्वांच्या डोळ्यांसमोर. तेथे रक्तदाबाची, मधुमेहाची आणि गुडघ्यांची औषधे एका प्लॅस्टिकच्या टोपलीत गुण्यागोविंदाने नांदत असतात. आल्यागेल्याने ती उचलून पाहावीत, आपल्या गोळीशी ताडून पाहावीत, आणि 'मला पाच मिलिग्रॅमची आहे' असे काहीशा अभिमानाने सांगावे, अशी तेथील रीत आहे. दुसरे ठाणे कपाटात असते. घडी घातलेल्या कपड्यांच्या खाली किंवा जुन्या पुस्तकांच्या मागे. तेथे काय आहे हे घरातील एका माणसास ठाऊक असते, दुसऱ्यास संशय असतो आणि तिसरा विचारीत नाही. आमचे दुसरे ठाणे एका जाड इंग्रजी शब्दकोशामागे होते. इंग्रजीच्या प्राध्यापकाच्या घरी त्या कोशास हात लावणारा दुसरा कोणी नसतो, ही त्या जागेची मोठी सोय. दोन वर्षे आम्ही ते ठाणे सांभाळले. आज त्याविषयी चार शब्द लिहावयाचे ठरविले आहे, ते कबुली म्हणून नव्हे. तर त्या ठाण्याने आमच्या घराचे जे नुकसान केले ते दुसऱ्या एखाद्या घराचे टळावे म्हणून.

वर्गात उतारा वाचून दाखविणे हे आमच्या व्यवसायातील सर्वांत निर्धोक काम होय. अठ्ठावीस वर्षे आम्ही ते केले. घसा बसला असता केले, मुले पेंगत असताही केले. पाच वर्षांपूर्वी जुलै महिन्यातील एका सकाळी तृतीय वर्षाच्या वर्गात असाच एक उतारा वाचीत असता, दुसऱ्या वाक्याच्या मध्यावर आमचे हृदय एकाएकी धडधडू लागले. बोटांना आणि ओठांना मुंग्या आल्या, श्वास पुरेना, आणि वर्गाच्या भिंती मागे सरून आपण एकटेच कोठेतरी उंच कड्यावर उभे आहोत असे वाटू लागले. 'आपण आता मरणार' ही गोष्ट त्या वेळी विचार म्हणून मनात येत नाही. बातमी म्हणून येते. पहिल्या बाकावरील एका विद्यार्थिनीने पाण्याची बाटली पुढे केली. दहा-पंधरा मिनिटांत सारे ओसरले. 'सरांचे बी. पी. वाढले' असे विद्यार्थ्यांनी ठरविले, आणि आम्हीही ते तसेच ठरू दिले.

हृदयरोगतज्ज्ञांनी हृदयाचा आलेख काढला, सोनोग्राफीने त्याचे चित्र पाहिले, आम्हांस फिरत्या पट्ट्यावर चालविले; हृदय निर्दोष ठरले. एखाद्याने आनंदाने पेढे वाटले असते, आम्ही ओशाळलो. हृदयविकार हा प्रतिष्ठित रोग आहे. भीती हा रोग आहे असे आमच्या पिढीस कोणी शिकविलेच नव्हते. त्या सद्गृहस्थांनी 'टेन्शन घेऊ नका' हा उपदेश केला आणि अल्प्राझोलामची पाव मिलिग्रॅमची गोळी लिहून दिली. चिठ्ठीवर स्पष्ट अक्षरांत लिहिले होते की, पंधरा दिवस. ते पंधरा दिवस आम्ही दोन वर्षे चालविले.

त्या गोळीचे गुण आम्ही आजही नाकारणार नाही. अर्ध्या-पाऊण तासात छातीतील नगारा थांबे, खांदे सैल पडत, आणि जग पुन्हा आपल्या ठिकाणी येऊन बसे. आपल्या मेंदूत गाबा नावाचे एक रसायन आहे. ते गाडीच्या ब्रेकप्रमाणे मज्जापेशींची धाव आवरते. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, डायझेपाम, लोराझेपाम ही सर्व एकाच घराण्यातील भावंडे त्या ब्रेकवरील पाय अधिक जोराने दाबतात. मात्र ब्रेकवर कोणीतरी परका पाय सतत दाबून ठेवीत आहे हे ध्यानी येताच मेंदू आपला ब्रेक हळूहळू सैल करतो. मग पूर्वीच्या गोळीने भागेनासे होते. आम्ही एकीवरून दोहोंवर आणि दोहोंवरून तिहींवर गेलो, आणि आपण गेलो हे आमच्या ध्यानीही आले नाही.

वाचक विचारतील की, इतक्या गोळ्या आम्हांस मिळत कोठून? आपल्या देशात २०१४ पासून अल्प्राझोलाम आणि डायझेपाम यांसारख्या औषधांसाठी निराळा नियम आहे. वैद्याची चिठ्ठी पाहिल्यावाचून ती देऊ नयेत, रोग्याचे व वैद्याचे नाव वेगळ्या वहीत लिहावे आणि ती वही तीन वर्षे जपून ठेवावी, असा तो नियम. परंतु आमच्या कोपऱ्यावरील दुकानदाराचा मुलगा आमच्या हाताखाली शिकलेला. 'सरांकडे काय चिठ्ठी मागायची!' असे म्हणून तो पाकीट पुढे करी. विद्वत्तेविषयीचा आदर माणसाच्या इतका मुळावर येऊ शकतो हे आम्हांस तेव्हा कळले नाही.

थोडा इतिहास चाळला असता तर कळले असते. आणि इतिहास चाळणे हे तर आमचे काम. एकोणिसाव्या शतकात बेचैन माणसास ब्रोमाइड देत; ते शरीरात साठून अंगावर पुरळ उठे आणि बुद्धीस भ्रम होई. १९०३ साली जर्मनीत बार्बिटालचा शोध लागला आणि त्या कुळातील औषधे आली. ती ब्रोमाइडपेक्षा सुरक्षित म्हणून आली. परंतु झोप आणणारी मात्रा आणि प्राण घेणारी मात्रा यांत फारसे अंतर नव्हते. १९५५ साली अमेरिकेत फ्रँक बर्जर यांच्या संशोधनातून मेप्रोबमेट विक्रीस आले. ते बार्बिटालच्या कुळापेक्षा सौम्य म्हणून गाजले. पुढे त्याचेही व्यसन जडते असे दिसून आले. मग लिओ स्टर्नबाक या रसायनशास्त्रज्ञाची पाळी आली. त्यांच्या प्रयोगशाळेत बाजूस पडून राहिलेला एक पदार्थ १९५७ साली आवराआवर करताना हाती लागला, आणि त्यातून १९६० साली लिब्रियम व १९६३ साली व्हॅलियम ही औषधे जगापुढे आली. हीही आधीच्यांहून निर्धोक म्हणूनच आली, आणि एका अर्थी ती तशी होतीही. परंतु लिब्रियम मोठ्या मात्रेत घेऊन एकदम सोडल्यास रोग्यास झटके येऊ शकतात, हे १९६१ सालीच लिओ हॉलिस्टर यांनी दाखवून दिले होते. अमेरिकेच्या औषधनियंत्रक खात्याने या घराण्यातील सर्व औषधांवर व्यसनाविषयीचा ठळक चौकटीतील इशारा छापावयास लावला तो २०२० साली. एक पिढी ज्यास निर्धोक म्हणते त्याचा हिशेब पुढील पिढी चुकविते.

या इतिहासात आपल्या देशाचेही एक पान आहे. सर्पगंधेचे मूळ रक्तदाबावर आणि उन्मादावर चालते, असे कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ साली प्रसिद्ध केले, मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली ब्रिटिश हृदयरोगविषयक नियतकालिकात तिच्याविषयी लेख लिहिला आणि पाश्चात्त्यांचे लक्ष तिकडे वेधले. १९५२ साली तिच्यातून रिसर्पिन हे द्रव्य वेगळे काढण्यात आले. मन शांत करणारे म्हणून ते काही काळ जगभर दिले गेले. आणि लवकरच ते घेणाऱ्या काही रोग्यांस खोल औदासीन्य येते अशा तक्रारी नोंदविल्या जाऊ लागल्या. मूळ आपल्या मातीतले असले म्हणून त्याने हिशेब मागितला नाही असे झाले नाही. 'आयुर्वेदिक आहे, त्याचा काही त्रास नाही' असे छातीठोकपणे सांगणाऱ्या आमच्या स्नेह्यांनी हे पान एकदा अवश्य वाचावे.

आता जे सांगावयाचे ते सांगताना आमची लेखणी जड होते. आमचे वडील गेल्यापासून आमच्या आईस झोप येत नसे, म्हणून त्या वेळच्या डॉक्टरांनी तिला काही दिवसांसाठी डायझेपाम दिले होते. पुढे ते डॉक्टरही गेले. गोळी मात्र राहिली. सतरा वर्षे राहिली. महिन्याच्या अखेरीस आई म्हणे, 'अरे, माझी गोळी संपत आली हं,' आणि आम्ही येता येता ती घेऊन येत असू. दुधाच्या पिशवीबरोबर आणि कोथिंबिरीच्या जुडीबरोबर. म्हातारपणी यकृत मंदावते. तरुणाच्या अंगातून जे औषध काही दिवसांत निघून जाते ते वृद्धाच्या अंगात साचत राहते. आई दुपारी पेंगे, चालताना भिंतीचा आधार घेई, एकच गोष्ट पुन:पुन्हा विचारी. 'वय झाले,' असे आम्ही म्हणत असू. कधी कधी तिच्या विसराळूपणास हसतही असू.

एका रात्री न्हाणीघरात जाताना ती पडली आणि खुब्याचे हाड मोडले. रुग्णालयात एका तरुण डॉक्टरने विचारले, 'आजी रात्री काही गोळी घेतात का?' आम्ही उत्तर दिले, 'काही विशेष नाही. एक साधी झोपेची.' त्या मुलाने मान वर करून आमच्याकडे पाहिले. तो काही बोलला नाही. परंतु 'साधी' हा शब्द आमच्याच तोंडून आमच्याच कानांवर पडला तो अजून तेथून हललेला नाही. आई पुढील आषाढात गेली. तिच्या शेवटच्या वर्षांतील विस्मरणापैकी वयाचे किती आणि त्या गोळीचे किती, याचा निवाडा आता कोणीही करू शकणार नाही. एवढे खरे की, ती गोळी आणून देणारा हात आमचा होता, आणि त्याच पाकिटाचे भावंड आमच्या शब्दकोशामागे होते.

ज्या रात्री ती पडली त्याच रात्री घरी येऊन आम्ही आपल्या गोळ्या शौचकूपात ओतल्या. त्या वेळी हे मोठे शौर्य वाटले. वस्तुतः ते दुसरे अज्ञान होते. तिसऱ्या दिवशी हात कापू लागले. झोप तर गेलीच, पण दिव्याचा उजेड डोळ्यांत खुपू लागला आणि भांडे पडल्याचा आवाज हाडांत शिरू लागला. पूर्वीची भीती हिच्यापुढे सौम्य वाटावी अशी भीती आली. पहाटे आमच्या सौभाग्यवतींनी आम्हांस स्वयंपाकघरात जमिनीवर बसलेले पाहिले. त्यांनी काही विचारले नाही. चहा ठेवला आणि म्हणाल्या, 'शब्दकोशामागचं मला दीड वर्षापासून माहीत आहे. चला, आज दाखवून येऊ.'

मनोविकारतज्ज्ञाच्या दाराशी बसण्यास किती धैर्य लागते हे तेथे बसल्यावाचून कळत नाही. आम्ही वर्तमानपत्र उघडून त्यामागे तोंड लपविले. समोरच्या खुर्चीवरील गृहस्थांनीही तेच केले होते. अर्ध्या तासाने दोघांनी एकाच वेळी पान उलटले, आणि आमच्याच महाविद्यालयातील गणिताचे प्राध्यापक आमच्याकडे आणि आम्ही त्यांच्याकडे पाहत राहिलो. पुढे त्यांच्याशी आमची जी मैत्री जडली तशी वीस वर्षांच्या सहवासात जडली नव्हती.

डॉक्टरीणबाई आमच्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी प्रथम आमच्या शौर्यास नावे ठेवली. अशा गोळ्या एकदम सोडल्याने अपस्मारासारखे झटके येऊन माणूस दगावूही शकतो, असे सांगितले. मग म्हणाल्या, 'सर, तुम्ही भीतीवर झाकण ठेवत होता. आता आच कमी करू या. पण त्याला वेळ लागेल आणि आधी थोडा त्रास होईल.' त्यांनी पूर्वीची गोळी मोजून पुन्हा सुरू केली, आणि जोडीस सर्ट्रालिन दिले. हे दुसऱ्या घराण्यातील औषध. सेरोटोनिन नावाचे रसायन मज्जापेशी पुन्हा शोषून घेतात, ते हे रोखते. या घराण्यातील फ्लुऑक्सेटिनला अमेरिकेत १९८७ साली परवानगी मिळाली. एस्सिटालोप्राम, पॅरॉक्सेटिन ही त्याचीच भावंडे. यांची क्रिया काही तासांत सुरू होते, परंतु मेंदू त्या नव्या व्यवस्थेस रुळून गुण दिसावयास कित्येक आठवडे जातात. मधल्या काळात मळमळ, डोकेदुखी, जुलाब, घाम, अवेळी जांभया, आणि गंमत अशी की, अधिक भीती.

आम्ही शिक्षक, प्रश्न विचारण्याची खोड. बाईंनी कंटाळा न करता सारी यादी समजावून दिली. व्हेन्लाफॅक्सिन हे सेरोटोनिनबरोबर आणखी एका रसायनावर काम करते; त्याने काहींचा रक्तदाब चढतो आणि ते सोडताना विशेष जड जाते. इमिप्रामिनसारखी जुनी औषधेही भीतीच्या झटक्यांवर चालतात. पण तोंड कोरडे पडते, मलावरोध होतो, आणि मात्रा चुकली तर हृदयाची लय बिघडते. बस्पिरोन सावकाश लागू पडते, त्याचे व्यसन लागत नाही. नेहमीच्या काळजीखोरपणास ते उपयोगी, अचानक येणाऱ्या झटक्यास नाही. प्रीगॅबालिनने चक्कर येते, वजन वाढते, पाय सुजतात. आणि व्यासपीठावर चढताना ज्याचे पाय लटपटतात त्यास प्रोप्रॅनोलॉल. ते भीती घालवीत नाही, भीतीने होणारी धडधड आणि थरथर तेवढी थांबविते. ज्या सर जेम्स ब्लॅक यांनी ते हृदयविकारासाठी शोधले त्यांना १९८८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. दम्याच्या रोग्यास मात्र ते देत नाहीत, कारण श्वासनलिका आकुंचन पावतात.

घरी येऊन आम्ही सर्ट्रालिनच्या खोक्यातील बारीक अक्षरांचा कागद भिंगाने वाचून काढला. आयुष्यभर बारकाईने वाचावयास शिकविण्याचे फळ असे की, जे लक्षण वाचावे ते तत्काळ अंगी उतरे. पहिले दहा दिवस खरोखरीच वाईट गेले. अन्नावरची वासना उडाली, पहाटे चारला डोळे टक्क उघडत, आणि भर वर्गात अशा जांभया येत की, विद्यार्थ्यांस समदुःखी भेटल्याचा आनंद झाला. पुढे दांपत्यजीवनातील एक उणीवही काही काळ जाणवली; तिचा उल्लेख आम्ही येथे करतो तो एवढ्यासाठी की, संकोचामुळे ती डॉक्टरांस न सांगता पुष्कळ लोक औषधच सोडून देतात, आणि मात्रा किंवा औषध बदलून तिच्यावर उपाय करता येतो. उतारवयात या औषधांनी रक्तातील सोडियम उतरू शकते. सांधेदुखीच्या गोळ्यांबरोबर घेतल्यास रक्तस्रावाची भीती वाढते. आणि पंचविशीच्या आतील मुलांत आरंभी आत्मघाताचे विचार बळावू शकतात, असा इशारा अमेरिकेत २००४ साली अल्पवयीनांसाठी आणि २००७ साली तरुणांसाठी छापला गेला. ज्या घरी असे मूल औषध घेत असेल तेथे आईबापांनी पहिले काही आठवडे डोळ्यांत तेल घालून राहावे.

या दिवसांत आमच्या मनात एक विचार पुन:पुन्हा येई. औषधाचा हा गुण आणि हा दुष्परिणाम, हा भेद आपण करतो. औषधास तो ठाऊक नसतो. ते अंगात शिरते आणि आपल्या स्वभावाप्रमाणे सर्वत्र काम करते. आणि आपण त्यातून निवड करतो तीही उलटी. जे औषध पहिल्या दिवशी मळमळ देते त्याची आपण धास्ती घेतो, शेजाऱ्यास विचारतो, आठवड्यात सोडून देतो. जे पहिल्याच दिवशी सुख देते त्यास 'साधे' म्हणून सतरा वर्षे घरात ठेवतो. त्रास जाणवतो त्याविषयी निदान माणूस सावध राहतो. ज्याचा दुष्परिणाम सुखासारखाच भासतो त्याविषयी त्यास सावध कोण करणार? आईस कोणी केले नाही, आणि करावयास हवे होते ते आम्हीच.

सहाव्या आठवड्यात एके दिवशी उतारा संपला तेव्हा आमच्या ध्यानी आले की, आज आपण आपल्या छातीकडे एकदाही लक्ष दिले नाही. त्यानंतर जुनी गोळी उतरविण्याचे काम सुरू झाले. सौभाग्यवतींनी स्वयंपाकघरातील दिनदर्शिकेवर तारखा मांडल्या, आणि दुधाच्या हिशेबाशेजारी पाऊण, अर्धी, पाव असे आकडे उतरत गेले. त्यास सात महिने लागले. मधून मधून रात्री जड गेल्या. बाईंनी एका मानसशास्त्रज्ञाकडेही पाठविले. त्यांनी जिने धावत चढावयास लावून, धडधडणे म्हणजे मरणे नव्हे हे हृदयाकडूनच आम्हांस शिकविले. हा अभ्यास नसता तर केवळ गोळीने भागले असते असे आम्हांस वाटत नाही. सर्ट्रालिन अजून चालू आहे. तेही पुढे असेच हळूहळू उतरवावयाचे आहे.

आमच्या आजोळी भ्यालेल्या पोरावरून भाकरतुकडा ओवाळून तिठ्यावर टाकीत. त्यास उतारा म्हणत. त्याने भीती जात असे असे आमचे म्हणणे नाही. परंतु त्या उताऱ्यात एक शहाणपण होते. तो चारचौघांच्या वाटेवर टाकीत, कोशामागे लपवीत नसत. पोर भ्याले आहे हे साऱ्या आळीस कळे आणि त्यात कोणास लाज वाटत नसे. म्हणून आता आमची गोळी जेवणाच्या टेबलावर, सौभाग्यवतींच्या रक्तदाबाच्या गोळीशेजारी, त्याच टोपलीत असते.

गेल्या दिवाळीत आमचे धाकटे काका आले होते. वय पंच्याहत्तर, निवृत्त हेडमास्तर. रीतीप्रमाणे त्यांनी टोपली उचलली, एकेक पाकीट ताडून पाहिले, आणि आमचे हाती येताच चष्मा वर करून म्हणाले, 'अरे, ही कसली गोळी?'

आम्ही म्हणालो, 'भीतीची, काका.'

काका बराच वेळ ते पाकीट उलटसुलट करीत राहिले. मग स्वयंपाकघराकडे एकदा पाहून हलक्या आवाजात म्हणाले, 'मी एक झोपेची घेतो. साधीच आहे. पुष्कळ वर्षे झाली. तुझ्या या गोळीचे नाव जरा लिहून दे.'

आम्ही कागद घेतला. त्यावर गोळीचे नाव लिहिले नाही. डॉक्टरीणबाईंचे नाव आणि त्यांची वेळ लिहिली, आणि खाली ठळक अक्षरांत लिहिले की, तोवर आपली आपण सोडू नये. काकांनी तो कागद चौघडी करून खिशात ठेवला. पुढील सोमवारी त्यांस तेथे आम्हीच घेऊन गेलो. काकांच्या हातात वर्तमानपत्र होते. त्यांनी ते शेवटपर्यंत उघडले नाही.